अंगणांतलीं पाखरें आणि खिशांतलें पुस्तक

"अंगणांत येणारीं पाखरें ओळखावयास एखादें लहानसें पुस्तक सुचवाल काय?" अशी विचारणा आमच्या वाचकांकडून वर्षाकाठीं दोनतीनदां तरी होते, आणि आजवर आम्ही तिला एका ओळीचें उत्तर देऊन मोकळे होत आलों. सलीम अली यांचें पुस्तक घ्या, म्हणजे झालें! यंदा मात्र हाच प्रश्न आमच्या स्वतःच्या घरांत उभा राहिला, आणि तो एका ओळींत सुटेना. हिवाळ्यापासून होळीपर्यंत या एका कामापायीं आम्हीं तीन पुस्तकें हाताळलीं, त्यांतलीं दोन पुन्हां कपाटांत ठेविलीं, आणि आपल्या विद्वत्तेविषयीं बाळगलेल्या कांहीं समजुतीहि त्यांच्याच शेजारीं ठेवून दिल्या. त्याचा वृत्तांत वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

आमचे वडील बंधु अकोल्यास राहतात. एका जिनिंगच्या कारखान्यांत त्यांनीं उभा जन्म हिशेबनिशी केली. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यांस पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात व पाय लुळे पडले. पाय पुढें थोडाबहुत सुधारला. परंतु वाणीवर जो आघात झाला तो मोठा चमत्कारिक होता. बोललेलें सर्व समजे, हंसत, रागावत, कोणी आलें तर ओळखून मान हलवीत. पण वस्तूचें नांव कांहीं केल्या ओठांवर येईना. तांब्याकडे बोट दाखवीत आणि "तें... तें..." म्हणून थांबत. कधीं भलतेंच नांव येई, आणि तें भलतें आहे हेंहि त्यांस कळे. ज्या मनुष्यानें चाळीस वर्षें शेंकडों गांठींचा हिशेब तोंडपाठ ठेविला त्याला 'उशी' हा शब्द सांपडूं नये, हें शेजारीं बसून पाहणें कठीण होतें. वाचेचा उपचार करणाऱ्या बाईंनीं सांगितलें कीं, जी वस्तु समोर दिसेल तिचें नांव त्यांच्याकडूनच काढवा. आपण आधीं सांगूं नका, आणि घाई करूं नका.

दादांची खाट मागल्या खोलींत, खिडकीला लागून. खिडकीबाहेर अंगण, त्यांत विहीर, विहिरीवर झुकलेला उंबर, एक शेवगा, कढीलिंब, पेरू, धुण्याची तार, आणि पलीकडे ढासळत आलेली दगडी भिंत. खोलींतल्या वस्तु चार दिवसांत संपल्या. पंखा, पेला, घड्याळ, आणि पुन्हां पंखा! दादा कंटाळले व तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहूं लागले. तेव्हां त्यांची नात, जी सातव्या इयत्तेंत शिकते, तिच्या मनांत आलें कीं बाहेर दिसतात त्या पाखरांचींच नांवें आजोबांस कां विचारूं नयेत? कल्पना उत्तम होती. अडचण एवढीच कीं विचारणाऱ्यांनाच उत्तरें ठाऊक नव्हतीं. चिमणी, कावळा, साळुंकी, पोपट, कोकीळ, भारद्वाज, एवढ्यावर घराची विद्या आटोपली. बाकी 'एक काळें', 'एक हिरवें' आणि 'तें शेंपूट उडविणारें'. मुलीनें आम्हांस अमरावतीस कळविलें, "लहान आजोबा, येतांना पुस्तक आणा."

आमच्या संग्रहीं एक भारी पुस्तक होतें. सेवानिवृत्तीच्या वेळीं जुन्या विद्यार्थ्यांनीं दिलेलें, विलायतेंत तयार झालेलें, साऱ्या भारतखंडांतील तेराशेंहून अधिक जातींचीं चित्रें असलेलें. कपाटांत तें फार शोभे. आणि खरें सांगावयाचें तर त्याचा उपयोग तेवढाच झाला होता. तें पिशवींत घालून आम्हीं बडनेऱ्यास गाडी धरली. मूर्तिजापूर येईतों मांडीस रग लागली, तेव्हांच आम्हांस शंका यावयास हवी होती. आली नाहीं. अकोल्यास पोहोंचल्यावर मोठ्या थाटानें तें दादांपुढें ठेविलें. त्यांनीं डाव्या हातानें उचलूं पाहिलें, तें उचललें गेलें नाहीं. छातीवर टेकवून उघडलें, तर पान उलटावयास दुसरा हात पाहिजे. नातीनें पान उलटलें, तों समोर वटवट्यांचें कुटुंब आलें. एकाच रंगाचीं, एकाच अंगलोटाचीं डझनभर पाखरें, फरक काय तो भिंवईच्या रेघेंत. त्यापुढचें पान हिमालयांतलें, त्यापुढचें अंदमानांतलें. एका पानावरचा गरुड आणि दुसऱ्या पानावरची चिमणी जवळजवळ सारख्याच मापाचीं. दादांनीं थोडा वेळ पाहिलें, आणि पुस्तक डाव्या हातानें हळूच मिटविलें. हिशेब जुळत नसला म्हणजे ते खतावणी अशीच मिटवीत.

त्या रात्रीं आम्हीं आमचें दुसरें शस्त्र काढलें. लहानपणीं अमरकोश मुखोद्गत केलेला. त्याच्या द्वितीय कांडांतील सिंहादिवर्गांत पक्ष्यांचीं नांवें भरलेलीं आहेत. चाष, खंजरीट, कलविंक, हारीत, चातक! यापेक्षां लहान व हलकें पुस्तक कोणतें? तें तर खिशांत नव्हे, कंठांत मावतें. सकाळीं भारद्वाज कुंपणाकडून चालत आला. कावळ्याएवढा, अंगानें काळा, तांबूस विटकरी पंखांचा, लालबुंद डोळ्यांचा. त्याचें दर्शन शुभ मानतात म्हणून वहिनींनीं नकळत हात जोडले. आम्हीं नातीस बसवून भरद्वाज ऋषि, त्यांचें गोत्र, आणि या पक्ष्याचें हें नांव किती प्राचीन आहे, यावर एक पाठच दिला. तीस वर्षें वर्गांत तो असाच दिला होता. मुलगी म्हणाली, "मग संस्कृतांतला भरद्वाज हाच, हें कशावरून?"

आम्ही 'कशावरून' या शब्दाचे भोक्ते. विद्यार्थ्यांस तोच शिकवीत आलों. अमरावतीस परतल्यावर कोश काढले. अमरसिंहानें भरद्वाजाचा पर्याय 'व्याघ्राट' असा दिला आहे, आणि मोनियर विल्यम्ससारखे कोशकार या दोन्ही शब्दांचा अर्थ चंडोल असा देतात! चंडोल म्हणजे माळावरचें लहानसें मातकट पाखरूं, जें गात गात आकाशांत चढतें. आमच्या कुंपणांतला हा धिप्पाड पक्षी कोकिळेच्या कुळांतला, मात्र स्वतःचें घरटें स्वतः बांधणारा. मराठींत त्यास भारद्वाज म्हणतात, कोठें कुंभारकावळा म्हणतात, कोठें कुकुडकुंभा. संस्कृत नांव एकाचें व मराठी नांव दुसऱ्याचें, अशी ही गोष्ट. तीस वर्षांत किती मुलांस आम्हीं तें एकच म्हणून सांगितलें असेल, याचा हिशेब दादाच करूं जाणोत. अमरकोश हा नांवांचा भांडारी आहे. परंतु नांवासमोर चित्र नसेल तर नांव कोणाच्याहि गळ्यांत पडतें, आणि पडलें म्हणजे निघत नाहीं. मुलीस पत्र लिहून चूक कळविली. तिनें उलट उत्तर पाठविलें कीं, "चालेल, पण पुस्तक आणा."

आतां पुस्तकांविषयीं. पक्ष्यांचीं पुस्तकें आपल्याकडे नवीं नव्हेत. साताऱ्यास १८५१ सालीं जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे कांहीं काळ पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत लॅटिन शिकवीत. मुंबईच्या नेहमींच्या पक्ष्यांवरील त्यांचें इंग्रजी पुस्तक १९०० सालीं निघालें. पुढें १९२८ त ह्यू व्हिस्लर यांचें निघालें. परंतु सामान्य गृहस्थास हातीं धरवेल असें पुस्तक दिलें तें डॉ. सलीम अली यांनीं, १९४१ सालीं, मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीमार्फत. ही संस्था १८८३ पासून चालत आलेली. त्या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, आणि १९८७ त ते निवर्तल्यावरहि निघत राहिल्या. त्यांतली एक युक्ति आम्हांस पंडितांच्या शंभर लक्षणांपेक्षां मोलाची वाटते. पाखरूं किती मोठें, तें इंच सांगून कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. म्हणून त्यांनीं ओळखीच्या पक्ष्यांचीं मापें केलीं: चिमणी, बुलबुल, साळुंकी, कबूतर, कावळा, घार, आणि नवें पाखरूं त्यांपैकीं कोणाएवढें, किंवा त्याहून किंचित् लहान कीं मोठें, एवढेंच सांगितलें. चिमणी सुमारें १५ सेंटिमीटर, बुलबुल २०, साळुंकी २३ हे आंकडे ज्याला हवे त्यानें पाठ करावे. पण 'साळुंकीहून लहान, बुलबुलाएवढें' हें स्वयंपाकघरांतल्या बाईसहि एका क्षणांत कळतें. दादांस तर हें फारच मानवलें. मोजमाप हा त्यांचा जन्माचा व्यवसाय. नांव येत नसे, परंतु "साळुंकी... उणी" असें ते दुसऱ्याच दिवशीं म्हणाले, आणि तें बरोबर होतें, तारेवर लालबुड्या बुलबुल बसला होता.

मात्र सलीम अलींचें मूळ पुस्तक इंग्रजी, आणि त्यांतहि पाणपक्षी, रानपक्षी, डोंगरपक्षी असा मोठा पसारा. ज्या घरांत इंग्रजी चालतें व फिरावयास जाणारे तरुण आहेत तेथें तें असावेंच. खाटेवरच्या मनुष्यास मात्र दिसणाऱ्या पाखरांपुरतें पुस्तक पाहिजे होतें. महाराष्ट्रांत नोंदलेल्या जाति साडेपाचशेंच्या वर आहेत. परंतु वऱ्हाडांतील एका परसांत वर्षभरांत येणाऱ्या पाखरांची गणति चाळीसपन्नासांपलीकडे सहसा जात नाहीं. उरलेलीं पाचशें चित्रें ही नुसती वाट चुकविण्याची सोय. म्हणून आमचें मत असें बनलें आहे कीं, पहिलें पुस्तक साठ ते शंभर जातींचें असावें. यापेक्षां कमी असेल तर दर दुसरें पाखरूं 'पुस्तकांत नाहीं' ठरतें, आणि मुलांचा विश्वास उडतो.

हें आम्हीं पैसे मोजून शिकलों. दुसरें पुस्तक आम्हीं अमरावतीस एका प्रदर्शनांत घाईनें घेतलें. तीसएक पक्षी, छायाचित्रें, चकचकीत कागद, किंमत अल्प. त्यांत कोकीळ होता, तो काळा कुळकुळीत. दादांच्या खिडकींतून उंबरावर फळें खातांना दिसे ती मादी, तपकिरी अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची. वहिनी म्हणाल्या, "ही कोकिळा." दादांनीं पुस्तकावर बोट ठेवून नकारार्थी मान हलविली. दोघांचेंहि बरोबर, आणि पुस्तक तेवढें लबाड. शिंजीराचीहि तीच गत. फुलांतला मध पिणारें हें इवलेंसें पाखरूं. विणीच्या दिवसांत नर जांभळट काळा चमकतो, मादी वरून मळकट व खालून पिवळी. परंतु पावसाळ्यानंतर नरहि मादीसारखा दिसूं लागतो, फक्त गळ्यापासून पोटाकडे एक काळी पट्टी उरते. ज्या पुस्तकानें एकच सुंदर नर छापला तें वर्षांतले कित्येक महिने खोटें बोलतें. शिवाय तो चकचकीत कागद! खिडकीचा उजेड त्यावर असा परावर्ते कीं निजलेल्या मनुष्यास चित्राऐवजीं खिडकीच दिसे.

छायाचित्र बरें कीं हातानें काढलेलें चित्र, यावर सुशिक्षितांत वाद आहे. नव्या पिढीस छायाचित्र खरें वाटतें. आमचा कौल चित्राकडे आहे. छायाचित्र हें एका पाखराचें, एका क्षणाचें, एका उजेडांतलें असतें. चित्रकार मात्र शंभर पाखरें पाहून जें सर्वांत समान तें काढतो, आणि नर, मादी, पिलूं हीं शेजारींशेजारीं एकाच मापानें बसवितो. दयाळ आणि चिरक यांचीच गोष्ट घ्या. आमच्या घरांत दोघांसहि 'तें शेंपूट उडविणारें' असें एकच नांव होतें, आणि आम्ही स्वतः दोघांसहि दयाळ म्हणत आलों. दोघांचे नर काळे, दोघेहि शेंपूट उभारणारे. दयाळाचें पोट पांढरें व पंखावर पांढरा लांब पट्टा. तो विहिरीजवळच्या सांवलींत हिंडतो आणि उन्हाळ्याच्या पहांटे उंच जागीं बसून फार गोड गातो. चिरकाचें पोट काळेंच, खांद्यावर पांढरा डाग, आणि शेंपटाखालीं तांबूस रंग. त्याला आमची ढासळती भिंत व तापलेली मोकळी जमीन प्रिय. चित्रांत हे दोघे समोरासमोर दिसले म्हणजे गोंधळ मिटतो. छायाचित्रांत एक पाठमोरा व एक समोर तोंड करून बसलेला असला म्हणजे वाढतो.

तेव्हां दुकानांत उभें राहून पुस्तक कसें पारखावें, हें अनुभवानें सांगतों. अनोळखी पक्षी काढूं नका. प्रथम साळुंकी काढा. ती तुम्हीं जन्मभर पाहिली आहे, तिच्या डोळ्याभोंवतींची पिवळी कातडी व चॉकलेटी रंग पुस्तकांत जसा उतरला असेल तशीच बाकीच्यांची गत समजावी. मग कोकीळ व शिंजीर काढून माद्या दिल्या आहेत कीं नाहींत तें पाहा. शेवटीं राखी वटवट्या काढा, आणि त्याच्यासारख्या दुसऱ्या पाखरापासून तो कसा ओळखावा हें एका ओळींत सांगितलें आहे काय, तें वाचा. जेथें 'लहान, चपळ व मनोहर पक्षी' एवढेंच लिहिलें असेल तें पुस्तक परत ठेवा. लेखकानें तो पाहिलेला नाहीं! बांधणीहि वांकवून पाहावी. नुसत्या डिंकानें चिकटविलेलीं पुस्तकें वऱ्हाडांत टिकत नाहींत. अकोल्यास पारा पंचेचाळिसांवर गेला म्हणजे तो डिंक कडकडीत होतो, आणि जूनांत पानें पाखरांप्रमाणेंच उडूं लागतात. शिवलेलें पुस्तक चार पैसे जास्त देऊन घ्यावें.

मराठी नांवांची मात्र एक निराळीच कथा आहे. एका पक्ष्यास कोंकणांत एक नांव, खानदेशांत दुसरें, आमच्याकडे तिसरें. आणि कांहीं पुस्तकांत इंग्रजी नांवाचें भाषांतर करून बनविलेलें चौथें, जें कोणाच्याच तोंडीं नाहीं. या बाबतींत आपणां सर्वांवर कै. मारुती चितमपल्ली यांचे थोर उपकार आहेत. १९३२ त सोलापुरास जन्मलेल्या या गृहस्थांनीं वनखात्यांतील नोकरीचा मोठा काळ विदर्भाच्या अरण्यांत काढला. रानांत राहणाऱ्यांच्या तोंडचीं नांवें त्यांनीं जमविलीं, संस्कृत ग्रंथ धुंडाळले, आणि २००२ सालीं 'पक्षीकोश' दिला. २०२५ च्या जूनमध्यें ते गेले. तो कोश खिशांत मावत नाहीं, मावूंहि नये. घरांत तो कपाटांत असावा आणि लहान पुस्तक खिडकींत. किरण पुरंदरे यांचें मराठी लेखनहि मुलांच्या हातीं द्यावें. पाखरूं केवळ ओळखून न थांबता त्याच्या उद्योगावर नजर कशी ठेवावी हें त्यांत कळतें.

लोकांनीं दिलेलीं नांवें पाहिलीं म्हणजे आमच्या पूर्वजांनीं अंगणांत एक अख्खें गांवच वसविलें होतें असें वाटतें. पानें शिवतो तो शिंपी. पाण्याकांठीं शेंपटी आपटतो तो धोबी. झाड ठोकतो तो सुतार. कांट्यावर किडे टोंचून ठेवतो तो खाटीक. कावळ्याघारींस पिटाळून लावतो तो कोतवाल. आणि भर दुपारीं कोठून तरी टुक् टुक् टुक् असा तांब्याच्या भांड्यावर ठोके घालतो तो तांबट. यांतलें एकहि नांव कोणा पंडितानें दिलेलें नाहीं, म्हणूनच कोणाच्या चुकीच्या गळ्यांत पडलेलें नाहीं.

मधल्या काळांत आमच्या पुतण्यानें पुस्तकाची कटकटच नको असें ठरविलें. त्याच्या भ्रमणध्वनींत 'मर्लिन' नांवाची एक सोय आहे, अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठानें केलेली. यंत्र खिडकींत धरावें. बाहेर जें ओरडत असेल त्याचें नांव व चित्र पडद्यावर उमटतें. आम्हीं तें कौतुकानें पाहिलें, आणि त्यास नांवें ठेवण्याचा आमचा विचार नाहीं. उंबराच्या दाट पानांत दडलेला चष्मेवाला आम्हांस त्यानेंच दाखविला. परंतु दादांस त्याचा राग आला. ते कान देऊन आवाज ऐकत, ओठ जुळवूं लागत, एवढ्यांत यंत्र नांव सांगून मोकळें! शाळेंत असा एक हुषार मुलगा प्रत्येक वर्गांत असतो, आणि त्याच्यामुळें मागच्या बांकावरचे कधीं बोलत नाहींत. तिसऱ्या दिवशीं दादांनीं तें यंत्र उशीखालीं दाबून ठेविलें व सायंकाळपर्यंत दिलें नाहीं.

फाल्गुनांत घरांत एक नवीच काळजी उत्पन्न झाली. दादा दुपारीं एकाएकीं "कासार" म्हणूं लागले. हात खिडकीकडे करीत आणि म्हणत, "कासार. आला." कासार कोठला? बांगड्या भरावयास कासार घरीं येत असे त्याला पन्नास वर्षें झालीं. वहिनींनीं दार उघडून पाहिलें, कोणी नव्हतें. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच, आणि कोणी नाहीं म्हटलें कीं दादा संतापत. पुतण्याचा चेहरा उतरला. आजवर नुसती वाचा गेली असें मानीत होतों, आतां बुद्धीहि भ्रमूं लागली काय? आम्ही गेलों तेव्हां सर्वांनीं आम्हांस बाजूस घेऊन हें सांगितलें. आम्हींहि त्यांच्याजवळ बसून ऐकलें, आणि खेदानें मान हलविली. वाचकांपासून लपवीत नाहीं, भ्रमच म्हटलें.

त्या खेपेस आम्हीं तिसरें पुस्तक नेलें होतें. मराठी, शिवलेलें, तळहाताएवढें, नव्वदएक पक्ष्यांचें, निस्तेज कागदावर हातचीं रंगीत चित्रें, आणि डाव्या हातांत धरून आंगठ्यानें पान उलटतां येईल इतकें हलकें. त्याचें नांव देत नाहीं, कारण अशीं लहान पुस्तकें निघतात व दोन वर्षांत मिळेनाशीं होतात. वर सांगितल्याप्रमाणें पारखून घ्यावें, म्हणजे ज्याला त्याला आपलें सांपडेल. दादा तें दुपारभर चाळीत होते. उन्हें कलतां कलतां बाहेर टुक् टुक् सुरू झालें, आणि दादांनीं पुस्तक आमच्या हातावर आपटलें. आंगठा तांबटाच्या चित्रावर होता. हिरवें अंग, कपाळावर व छातीवर लाल ठिपका, गळा पिवळा, चिमणीहून थोडा मोठा. "कासार," ते म्हणाले.

आणि आम्हांस आठवलें. विहिरीवर आई धुणें धुवीत असे. उन्हाळा लागला कीं उंबरावरून ठोके सुरू होत, आणि ती म्हणे, "आला गं बाई कासार." तांबट काय, कासार काय, दोघेहि भांड्यांवर ठोकणारे, तिच्या माहेरीं तसें म्हणत असतील, नाहींतर तिचें तिनेंच ठेविलेलें असेल. आम्ही तेव्हां पांच वर्षांचे असूं, दादा बारा. आई जाऊन चाळीस वर्षें झालीं. त्या घरांत तो शब्द जाणणारे दोघेच उरले होते. त्यांतला एक तो रोज सांगत होता, आणि दुसरा शेजारीं बसून त्यास भ्रम म्हणत होता.

हें आम्हीं घरांत सांगितलें तेव्हां वहिनी पदर डोळ्यांस लावून आंत गेल्या व चहा ठेवला. पुतण्या उंबराखालीं जाऊन वर पाहूं लागला. पाखरूं दिसेना, कारण हें पाखरूं ठोका देतांना मान इकडून तिकडे फिरवीत असतें, आणि आवाज क्षणांत उजवीकडून व क्षणांत डावीकडून आल्यासारखा वाटतो. अखेर तें शेंड्यावरच्या वाळक्या फांदीवर सांपडलें. चोंच मिटलेलीच, गळा तेवढा दर ठोक्याला फुगत होता. शेवग्याच्या एका ठिसूळ फांदीवर एक वाटोळें भोंकहि आहे. तें त्याचेंच कोरीव काम असावें. शेवगा यंदा तोडावयाचा होता, तो तूर्त राहिला आहे.

त्या दिवसापासून नातीनें पुस्तकाच्या समासांत घरचीं नांवें लिहावयास आरंभ केला आहे. भारद्वाजापुढें वहिनींचा कुंभारकावळा, सातभाईंपुढें पुतण्यानें दिलेलें एक नांव जें येथें छापण्यासारखें नाहीं. दादांच्या तोंडून निघालेलीं नांवें एकोणीस झालीं. त्यांत चिरक आहे. तो त्यांनीं आमची चूक सुधारून सांगितला. कांहीं दिवस नांवें येतात, कांहीं दिवस एकहि येत नाहीं, आणि मग ते नुसतें आंगठ्यानें चित्र दाखवितात. तेंहि चालतें.

तांबटाच्या चित्राखालीं मुलीनें शिसपेन्सिलीनें 'कासार' असें लिहून पुस्तक त्यांच्यापुढें धरलें. दादांनीं तें वाचलें, पुन्हां वाचलें, आणि त्या शब्दाच्या बाजूच्या कोऱ्या जागेवर बोट आपटीत राहिले. काय राहिलें तें कोणास कळेना. बराच वेळ ओठ जुळवून त्यांनीं तो शब्द काढला. "तारीख," ते म्हणाले. मुलीनें तारीख घातली.